मूल पहिलीत गेले, आता पालकांनी काय करावे? सातारा जिल्ह्यातील नवख्या पालकांसाठी

मुलाला शाळेत घातले की आपले काम संपले, पुढचे गुरुजी आणि बाई पाहतील, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. अलीकडे तिच्या जोडीला दुसरी आली आहे: चांगला पालक तोच, जो मुलाचा गृहपाठ स्वतः पुरा करून देतो, प्रकल्पाची चित्रे रात्री जागून चिकटवतो आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सर्वांत आधी अंगठा दाखवतो. दोन्ही समजुतींचा मुलाला फारसा उपयोग होत नाही. मुलाच्या शिकण्यावर परिणाम होतो तो घरातल्या थोड्या पण नेमाने होणाऱ्या बोलण्याचा, आणि शाळेशी वर्षभर चालू राहणाऱ्या नेमक्या संवादाचा. हा लेख मुख्यतः जिल्हा परिषद शाळेत पहिले मूल घातलेल्या पालकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीवर नव्याने निवडून आलेल्या सदस्यांसाठी आहे. खासगी शाळेतील पालकांसाठी वेगळे काय, ते ओघात सांगितले आहे.

पायरी पहिली: शाळा उघडण्याच्या आधी

मूल अंगणवाडीत असतानाच सुरुवात करावी. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून अंगणवाडी हे ० ते ६ वयोगटाचे पोषण, लसीकरण आणि पूर्वशिक्षण यांचे गावातले ठिकाण आहे. तरीही कित्येक घरांत तिची ओळख केवळ खाऊ मिळण्याची जागा एवढीच असते. अंगणवाडी ताईंकडे मुलाच्या वजन-उंचीची नोंद असते, ती पहिलीत जाण्यापूर्वी एकदा समजून घ्यावी आणि मूल गोष्ट ऐकताना लक्ष देते का, इतर मुलांत मिसळते का, हेही विचारावे.

राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले आहे. त्यात शाळेत मेळावा भरतो, मुले एकेका टेबलावर जाऊन उड्या मारणे, रंग-आकार ओळखणे, वस्तूंचे गट करणे, चित्रावरून बोलणे असे खेळ करतात आणि मूल कुठे सहज आहे, कुठे अडखळते याची नोंद होते. पहिला मेळावा साधारण एप्रिलमध्ये आणि दुसरा शाळा उघडताना जूनमध्ये होतो. मधल्या सुट्टीत घरी काय करून घ्यावे, हे त्या नोंदीवरून कळते, म्हणून मेळाव्याला मुलाला शेजाऱ्यांबरोबर पाठवून न देता स्वतः जावे. ही परीक्षा नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी घेण्यास मनाई केली आहे आणि जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

पायरी दुसरी: घरातला अर्धा तास

माझ्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. बाकीच्या पायऱ्या चुकल्या तरी ही चुकू देऊ नये. दिवसातला एकच अर्धा तास ठरवावा, शक्यतो रोज त्याच वेळी. त्या वेळात दूरदर्शन संच बंद असावा आणि मोठ्यांचे मोबाईलही बाजूला असावेत. पालकांना लिहिता-वाचता येत नसले तरी काही अडत नाही, हे येथे मुद्दाम सांगायला हवे, कारण ‘आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार’ असे म्हणून मागे सरणाऱ्या माता डोंगरी भागात आजही आढळतात.

समजा, पाटण तालुक्यातील एका वाडीत आई चुलीपुढे भाकरी थापते आहे आणि दुसरीतला मुलगा पाटावर बसून पाठ्यपुस्तकातला उतारा वाचतो आहे. आईने त्याला एवढेच सांगावे की प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून मोठ्याने वाच. तो एखाद्या जोडाक्षरापाशी अडला, तर ‘तेवढे सोड, पुढे वाच, मग परत ये’ असे म्हणावे, आणि अडलेल्या शब्दाखाली त्याच्याकडूनच पेन्सिलीने बारीक रेघ मारून घ्यावी. उतारा संपल्यावर आईने तीन प्रश्न विचारावेत: गोष्टीत कोण कोण होते, काय घडले, आणि तू तिथे असतास तर काय केले असतेस. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले, तर मुलाला वाचलेले कळले आहे. दुसऱ्या दिवशी ते पान बाईंना दाखवले की पेन्सिलीच्या रेघांवरून मूल नेमके कुठे अडते हे त्यांना एका नजरेत समजते. वर्गात तीस मुले असताना एवढी बारीक माहिती शिक्षकाला अन्यथा सहज मिळत नाही. यात आईने एक अक्षरही शिकवलेले नाही.

अंकांचेही असेच. वाण्याच्या दुकानात वीस रुपये देऊन किती परत आले हे मुलाने सांगावे, महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी खुडताना एका पाटीत किती डबे भरले हे त्याने मोजावे, एसटीच्या तिकिटावरचे आकडे वाचावेत. भाजीच्या पेंढ्या पाच-पाचच्या गटात लावणारे मूल गुणाकाराच्या दारात उभे असते. मुलाने काढलेले उत्तर चुकले, तर लगेच बरोबर उत्तर सांगण्याऐवजी ‘तू कसे काढलेस’ असे विचारावे. बहुतेक वेळा सांगता सांगता त्याची चूक त्यालाच सापडते.

किती यायला हवे याचा अंदाज असावा म्हणून केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाची उद्दिष्टे माहीत करून घ्यावीत. पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचावे आणि ९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचावेत आणि ९९९ पर्यंत जावे. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि सोपे गुणाकार, अशी ती सर्वसाधारण पायरी आहे. हे आकडे मुलाला शेजारच्या मुलाशी ताडून पाहण्यासाठी नाहीत. घड्याळ लावून मुलाला धावत वाचायला लावणे तर पूर्णपणे टाळावे, कारण त्याने वेग वाढतो आणि अर्थ सुटतो.

सुट्टीत जमले तर मुलाला भिलारला न्यावे. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधले हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. घराघरांत मांडलेली पुस्तके तिथे बसून वाचता येतात. आपण न्यावे आणि पुस्तक मुलाला निवडू द्यावे, हे मात्र पाळावे. मोठ्यांनी निवडून दिलेले बोधपर पुस्तक बहुधा अर्ध्यावर मिटते.

पायरी तिसरी: वर्गशिक्षकांशी बोलणे

मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांविषयी पालकांशी नियमित बैठका घेणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकांचे कर्तव्य आहे. त्यामुळे शाळेत जाऊन विचारणे म्हणजे गुरुजींच्या कामात ढवळाढवळ, असा संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र परिपाठाच्या वेळी किंवा वर्ग चालू असताना दारात उभे राहू नये. शाळा सुटल्यानंतरची वेळ आधी विचारून घ्यावी.

‘आमचा पोरगा कसा आहे हो?’ या प्रश्नाला ‘चांगला आहे, थोडा मस्तीखोर आहे’ एवढेच उत्तर येते आणि दोन्ही बाजू समाधानाने घरी जातात. त्याऐवजी नेमके विचारावे. सध्या वाचनात तो कोणत्या पायरीवर आहे? गणितातली कोणती गोष्ट अजून पक्की नाही? घरी या महिन्यात आम्ही कोणती एकच गोष्ट करावी? मधल्या सुट्टीत तो कोणाबरोबर असतो? शेवटचा प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत, पण मुलाच्या मनाची पहिली खबर त्यातूनच मिळते. घरची माहितीही शिक्षकांना द्यावी: आजी वारली, धाकटे भावंड झाले, वडील कामासाठी बाहेरगावी गेले, मुलाला फळ्यावरचे नीट दिसत नाही असे वाटते, यांपैकी प्रत्येक गोष्ट वर्गातल्या वागण्यात उतरत असते.

ज्यांचे मूल पाचवीत किंवा आठवीत आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. या दोन इयत्तांना २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे. तीत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला पूरक मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षेची संधी मिळते आणि तरीही अपेक्षित गुण न मिळाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. म्हणून या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच शिक्षकांना भेटावे, प्रगतिपत्रक हाती येण्याची वाट पाहू नये.

घरापासून दूर असलेले वडील

सातारा जिल्ह्यात हा विषय टाळून चालणार नाही. जावळी-पाटणच्या खोऱ्यांतील किती तरी घरांतले पुरुष मुंबईत माथाडी कामगार आहेत, माण-खटावकडचे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर विखुरलेले आहेत आणि अनेक गावांतले सैन्यात आहेत. अशा घरात वडिलांचा सहभाग म्हणजे महिन्याला येणारे पैसे आणि फोनवरचे ‘अभ्यास कर’ एवढाच उरू नये. वडिलांनी आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी फोन करावा आणि मुलाने त्यांना एक पान वाचून दाखवावे. वही तपासण्यापेक्षा ऐकून घेणे त्यांना दुरूनही शक्य असते. शाळांनीही आपले वेळापत्रक थोडे वाकवावे. गावची यात्रा किंवा गणपती या काळात मुंबईकर मंडळी हमखास गावी असतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पालकसभा ठेवली, तर एरवी कधीच न दिसणारे वडील शाळेच्या ओसरीवर बसलेले दिसतील.

पायरी चौथी: माता-पालक गट

शाळापूर्व तयारी अभियानातूनच गावोगावी माता-पालक गट उभे राहिले. एका वस्तीतल्या पाच-सहा माता आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी अंगणात जमतात, शिक्षकांकडून आलेली कृती मुलांकडून करून घेतात आणि कोणाचे मूल कुठवर आले याची आपसांत चर्चा करतात. गटात एक तरी वाचू शकणारी आई किंवा मोठी मुलगी असावी, तिच्याकडे मोबाईलवर कृती यावी आणि तिने ती इतरांना समजावून सांगावी, एवढीच रचना पुरेशी आहे. गट मोडतो तो दोन कारणांनी: भेटीचा वार ठरलेला नसतो, किंवा गटाचे फोटो काढून वर पाठवणे हेच मुख्य काम होऊन बसते. दुसरे कारण टाळणे शिक्षकांच्या हातात आहे.

पायरी पाचवी: शाळा व्यवस्थापन समिती

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत ही समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणात स्थान द्यावे लागते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार समिती दर दोन वर्षांनी नव्याने निवडली जाते, अध्यक्ष पालकांमधून होतो, मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात आणि महिन्यातून किमान एक बैठक व्हावी लागते. निवड पालकसभेत होते. ती कधी आहे हे मुख्याध्यापकांना विचारून ठेवावे, कारण बऱ्याच गावांत सभेला दहा-बारा पालक येतात आणि नावे आदल्या रात्री पारावरच ठरलेली असतात.

समितीवर आल्यावर पहिल्या बैठकीत तीन कागद पाहायला मागावेत: मागील वर्षाचे इतिवृत्त, शाळा विकास आराखडा आणि अनुदानाच्या जमाखर्चाची नोंद. आराखडा तीन वर्षांचा असतो, त्याचे वर्षवार भाग पाडलेले असतात, आणि तो तयार करणे हे कलम २२ नुसार समितीचे काम आहे. मुख्याध्यापकांनी लिहावा आणि सदस्यांनी सह्या कराव्यात, असा तो कागद नाही. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते, हे माहीत असलेला सदस्य स्वच्छतागृहाच्या प्रश्नावर अधिक ठामपणे बोलू शकतो.

इतिवृत्त कसे लिहिले जाते, याकडे विशेष लक्ष द्यावे. ‘स्वच्छतागृहाच्या अडचणीवर सखोल चर्चा झाली व सर्वांनी सहकार्य करण्याचे ठरले’ असे वाक्य नोंदवहीत वर्षानुवर्षे आढळते आणि नळ मात्र गळतच राहतो. त्याच्या जागी असे लिहावे: ‘मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ व कडी पुढील बैठकीपूर्वी दुरुस्त करणे, खर्च शाळा अनुदानातून, जबाबदारी अध्यक्ष व मुख्याध्यापक, पूर्ततेचा अहवाल पुढील बैठकीचा पहिला विषय.’ काय, कधीपर्यंत, कशातून आणि कोणी, या चार गोष्टी ठरावात असल्या की पुढच्या बैठकीत विचारणा करता येते. सही करण्यापूर्वी इतिवृत्त वाचून दाखवावे, असा आग्रह धरावा. कोऱ्या पानावर सही कधीही करू नये.

बैठकीचा सगळा वेळ भिंत, रंग आणि संगणक यांत जातो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणून प्रत्येक बैठकीत शिकण्याचा एक विषय ठेवावा: दुसरीतल्या किती मुलांना वाक्य वाचता येत नाही आणि त्यांच्यासाठी काय चालू आहे? उपस्थिती कोणत्या महिन्यात घसरते? कराड, कोरेगाव, फलटणच्या ऊसपट्ट्यात आणखी एक काम आहे. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबे बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून येऊन कारखान्याच्या परिसरात उतरतात. त्यांच्या मुलांना वयानुरूप वर्गात बसवणे ही जवळच्या शाळेची जबाबदारी आहे. मुलाजवळ शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलांना मूळ शाळेकडून मिळणारे) असेल तर ते पाहावे, नसेल तरी प्रवेश थांबवू नये, आणि सदस्यांपैकी दोघांनी एकदा संध्याकाळी कोप्यांवर (त्यांच्या झोपड्यांवर) जाऊन मुलांची यादी करावी. दिवसा गेल्यास तिथे बहुधा लहान भावंडे सांभाळणारी मुलेच भेटतात. शाळेत यायला हवे ते त्यांनीच.

विनाअनुदानित खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव या संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. संघाची सभा केव्हा आहे याची सूचना फलकावर लागते, ती वाचावी.

पायरी सहावी: ताट, तपासणी आणि मन

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, तर सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि ७.५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. वाढण्यापूर्वी अन्नाची चव घेऊन नोंदवहीत लिहायचे असते. पालकांनी आळीपाळीने, न कळवता, जेवणाच्या वेळी जावे, मुलांबरोबर पंगतीत बसून जेवावे आणि जे जाणवले ते चव नोंदवहीत लिहावे. स्वयंपाकी ताईंवर तिथल्या तिथे आवाज चढवू नये. धान्य उशिरा आले, इंधनाचे पैसे थकले, ही कारणे बहुधा त्यांच्या हातातली नसतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा आरोग्य तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि पथकाने पुढील उपचारासाठी चिठ्ठी दिली असेल तर ती दप्तरात पडून राहू देऊ नये. फळ्यावरचे चुकीचे उतरवणारे मूल कित्येकदा ‘ढ’ नसते, त्याला चष्मा हवा असतो. वाचन-लेखनात फारच मागे असणाऱ्या किंवा अपंगत्व असलेल्या मुलासाठी गट पातळीवर समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांची भेट मुख्याध्यापकांमार्फत मागावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे.

मनाच्या आरोग्याबाबत पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की बदल ओळखावा. हसते-खेळते मूल गप्प झाले, सकाळी पोटात दुखते म्हणून शाळा टाळू लागले, रात्री दचकू लागले, तर रागावण्याआधी त्याच्याशेजारी बसावे आणि उत्तराची घाई करू नये. मुलाने काही सांगितले तर ‘असे कसे होईल’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नये. मारणे आणि मानसिक छळ या दोन्ही गोष्टींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मनाई आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. गावकीत बसून प्रकरण मिटवण्याचा मार्ग कायद्याला मान्य नाही. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे आणि मानसिक ताणासाठी १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयानुसार शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी लागते. आपल्या शाळेत तिचे सदस्य कोण आहेत हे मुलींना नावानिशी माहीत असायला हवे. खंडाळा तालुक्यातले नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. ३ जानेवारीच्या त्यांच्या जयंतीला भाषणांबरोबर या समितीची ओळख करून दिली तर तो कार्यक्रम कामाचा होईल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजी सकपाळांचा मुलगा भिवा, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला आणि तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस आहे. त्या दिवशी पालकांना वर्गात बोलावून मुलांच्या वह्या दाखवाव्यात, असे अनेक शाळांना सुचवता येईल.

पायरी सातवी: दाद मिळत नसेल तर

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती, हा क्रम सोडू नये. एकदम वर्तमानपत्रात किंवा मोबाईल गटावर गेल्याने मुलाचे वर्गातले दिवस अवघड होतात. त्यानंतर केंद्रप्रमुख, पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी आणि साताऱ्याला जिल्हा परिषदेतील प्राथमिक शिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज करावा. अर्जात तारीख, घटना आणि आपली मागणी तीन-चार वाक्यांत लिहावी, दोन प्रती काढाव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. मुलाच्या हक्काविषयीच्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यावा, अशी तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ मध्ये आहे, आणि निर्णय मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. लैंगिक अत्याचार किंवा जिवाला धोका असेल तर मात्र या पायऱ्या चढत बसू नये. त्याच दिवशी पोलीस ठाणे गाठावे किंवा १०९८ वर फोन करावा.